आधी पंक्चर, मग पॉवर

डेट्रॉइटच्या परिसरात राहून जपानी गाडी बाळगायची म्हणजे कोल्हापुरात राहून तांबड्या रश्श्याला नावं ठेवण्यासारखं आहे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचा चरितार्थ अमेरिकन मोटारींवर चालतो. शेजारचे आजोबा इथल्या एका इंजिन कारखान्यात उभा जन्म काढून निवृत्त झाले. माझ्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं की ते कॉफीचा मग घेऊन येतात, 'अजून चालते का ही?' असं विचारतात आणि मग तासभर हलत नाहीत.

मी कॉम्प्युटर इंजिनीअर. दिवसभर कोड लिहितो, संध्याकाळी आणि शनिवारी गॅरेजमध्ये असतो. माझी गाडी २००२ सालची, जपानी, चार सिलिंडर, दोन लिटर, टर्बो. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही. ते सांगितलं की मोटारवेड्या मित्रांत लगेच दोन पक्ष पडतात आणि मूळ विषय बाजूला राहतो. शिवाय आज जे सांगायचंय ते या वयाच्या जवळपास सगळ्याच टर्बो गाड्यांना लागू आहे.

या गाड्यांचं एवढं वेड कशासाठी, हे घरच्यांना सांगताना नेहमी अडचण होते. थोडक्यात सांगतो. टर्बोचार्जरची कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची, तिचं पेटंट १९०५ सालचं. जपानी मोटारींत टर्बो पहिल्यांदा आला १९७९ मध्ये, निसानच्या सेड्रिक-ग्लोरियामध्ये. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जपानी अभियंत्यांनी लहान इंजिनांतून अशी ताकद काढली की १९८९ च्या सुमारास तिथल्या कंपन्यांनी आपसांत ठरवलं, जाहिरातीत २८० अश्वशक्तीच्या वर जायचं नाही. हा अलिखित करार २००४ पर्यंत टिकला. कागदावर २८० आणि आत इंजिन मात्र त्याहून दणकट, अशा या गाड्या. टोयोटा सुप्रा, निसान स्कायलाइन जीटी-आर यांची इंजिनं आजही जगभरचे हौशी लोक उघडतात ते यामुळेच. त्यात १९९५ साली कॉलिन मॅक्रे सुबारूमधून जागतिक रॅली विजेता झाला आणि १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षं टॉमी मॅकिनेन मित्सुबिशीमधून. तेव्हा आम्ही शाळेत होतो. केबल टीव्हीवर चिखल उडवत जाणाऱ्या त्या गाड्या बघून डोक्यात जे शिरलं, ते पगार सुरू झाल्यावर बाहेर आलं!

अमेरिकेत याला आणखी एक कारण आहे. मुळात इथल्या नियमांप्रमाणे न बनलेली परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की ती सुरक्षा नियमांच्या अटीतून सुटते आणि आयात करता येते. त्यामुळे १९८९ ची स्कायलाइन जीटी-आर इथे २०१४ पासून रीतसर येऊ लागली आणि १९९९ ची पुढची पिढी २०२४ पासून. उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली गाडी मिशिगनच्या रस्त्यावर दिसली की आपल्याला उगाच घरची आठवण येते.

पण २०-२५ वर्षांची टर्बो गाडी म्हणजे तिला वयाची दुखणी आलीच. टर्बोचं काम सोपं आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर वाटेत एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. जास्त हवा, त्या हिशेबात जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलर नावाच्या जाळीतून थंड करून पुढे पाठवतात. हे सगळं एकमेकांना जोडायला रबरी नळ्या. बॉनेटखाली वीस वर्षं भाजून निघालेलं रबर घरातल्या जुन्या गॅसच्या नळीसारखं होतं. वरून बरं दिसतं, वाकवलं की भेगा. त्यात डेट्रॉइटचा हिवाळा. या शहराच्या पोटात, सुमारे ११०० फूट खाली, मिठाची खाण आहे आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ ओततात तेही सढळ हाताने. नट-बोल्ट असे गंजतात की पाना लावला की बोल्टचं डोकंच हातात येतं.

गेल्या वर्षी वसंत ऋतूत गाडी बाहेर काढली आणि ती नीट ओढेना. सावकाश चालवली तर ठीक. तिसऱ्या गिअरमध्ये जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिला की आधी घुटमळायची, मागून काळा धूर सोडायची. पेट्रोलही जास्त प्यायला लागली. कारखान्याच्या हिशेबाने टर्बोचा दाब १३ ते १४ पौंड यायला हवा. माझ्या मीटरवर काटा ९ च्या पुढे जाईना. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी फेरी मारली आणि सांगितलं, टर्बो गेला, नवा बसवायला १८०० डॉलर. गाडी एवढ्या जुन्या वयाची, म्हणजे वर एक अनाहूत सल्ला, 'विकून टाका'.

आता १८०० डॉलर ही रक्कम लहान नाही. इथे आमच्या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत नोकऱ्यांचं जे चाललंय ते वाचकांना सांगायला नको. घरात 'ती गाडी' हा आधीच नाजूक विषय. टर्बो बदलूनही काळा धूर तसाच राहिला असता, तर मला गाडी आणि गॅरेज दोन्हींवर पाणी सोडावं लागलं असतं. म्हणून ठरवलं, आधी मोजायचं. आकडे सांगतील ते ऐकायचं आणि तोवर एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला स्टिअरिंगखाली ओबीडी-२ नावाचं एक सॉकेट असतं. त्यात वीस-पंचवीस डॉलरचं यंत्र खोचलं की गाडीचा कॉम्प्युटर काय विचार करतोय ते फोनवर दिसतं. माझ्यासारख्याला हे म्हणजे माहेरच. त्यातला एक आकडा फार बोलका असतो, फ्युएल ट्रिम. इंजिनात किती हवा आली ते सेन्सर मोजतो, कॉम्प्युटर त्या हिशेबात पेट्रोल सोडतो. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने. मग सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर उत्तर तपासतो. हिशेब चुकतोय असं दिसलं की कॉम्प्युटर पेट्रोल थोडं वाढवतो किंवा कमी करतो. ती वाढ-घट म्हणजे ट्रिम. पाच टक्क्यांच्या आत असला तर उत्तम, दहापर्यंत चालतं.

माझी गाडी नुसती उभी, इंजिन चालू, ट्रिम अधिक १४. म्हणजे सेन्सरने न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरतेय आणि कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवून ती भरपाई करतोय. जोरात पळवली की उलटं, पेट्रोल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. एकाच गाडीत दोन उलट तक्रारी. टर्बो खराब झाला असेल तर दाब कमी येईल हे कबूल. पण गाडी उभी असताना टर्बो जवळजवळ काहीच काम करत नाही. मग हे अधिक १४ कुठून आलं? इथे गॅरेजवाल्यांचं निदान मला पटेना.

टर्बोची खात्री करून घेतली. हवेची नळी काढून चक्र बोटाने फिरवलं. सुरळीत फिरलं. बाजूला अगदी किंचित हललं, तेवढं चालतं, कारण तिथे तेलाच्या थराला जागा ठेवलेली असते. पुढे-मागे मात्र अजिबात हललं नाही आणि पाती कुठे घासल्याची खूण नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, आकडे एकमेकांच्या जवळ. प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. म्हणजे इंजिन धडधाकट होतं आणि टर्बोही. हिशेब बिघडत होता तो या दोघांच्या मधल्या वाटेवर.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल असतो. बाबा कोल्हापूरला. 'एवढं शिकून शेवटी फिटरच झालास की,' हे त्यांचं माझ्या छंदावरचं ठरलेलं वाक्य. पण मनातून त्यांना रस असतो. त्यांच्या चेतकचा प्लग ते स्वतः काच पेपरने घासायचे, कार्ब्युरेटरही स्वतः साफ करायचे. त्यांना टर्बो वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, 'बाबा, हवा मोजून आत घेतो, पण सगळी पोचत नाही. आणि गाडी उभी असली की न मोजलेली हवा आत येते.'

त्यांनी क्षणभर विचार केला. 'अरे, मग भोक आहे की लेका कुठेतरी. आतला दाब जास्त झाला की हवा बाहेर, कमी झाला की बाहेरची आत. पंक्चर काढताना काय करतो आपण? ट्यूब फुगवायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे बघायचे. गाडी बुडवता येत नसली तर साबणाचं पाणी लाव.'

टर्बोवाले लोक ज्याला बूस्ट लीक टेस्ट म्हणतात ती तंतोतंत हीच. मोठमोठ्या इंग्रजी पुस्तिकांत जे चार पानं समजावून सांगतात, ते शिवाजी चौकातला पंक्चरवाला रोज करतो!

तर ही चाचणी अशी. प्लंबिंगच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या मापाचं पीव्हीसीचं टोपण आणायचं. त्याला भोक पाडून मोटारच्या चाकाचा व्हॉल्व्ह बसवायचा. इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोकडे जाणारी हवेची नळी काढून तिथे हे टोपण क्लिपने घट्ट आवळायचं. मग कॉम्प्रेसरने सावकाश हवा भरायची, १० पौंड, फार तर १२. गाडीला कारखान्याने दिलेल्या दाबाच्या वर जायचं नाही आणि टोपणाच्या समोर तोंड धरून उभं राहायचं नाही, कारण ते सुटलं तर बंदुकीच्या गोळीसारखं येतं. मग कान द्यायचा. थोडी हवा व्हॉल्व्हमधून इंजिनाच्या पोटात जातेच, तो आवाज मंद असतो. त्याखेरीज 'फुस्स' ऐकू आलं की तिथे भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारायचं.

शेजारचे आजोबा कॉम्प्रेसर घेऊन आले. कॉम्प्रेसर अर्थातच अमेरिकन, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आठ पौंडांवरच दोन जागी फेस आला. पहिली, इंटरकूलरपासून पुढे जाणाऱ्या जाड रबरी जोडाला खालच्या बाजूने भेग. ती हाताने चाचपली तरी कळत नव्हती, आत दाब आला की तोंड उघडायची. म्हणून काटा ९ वर अडत होता. दुसरी, इंजिनाच्या मॅनिफोल्डला लागलेली बोटाएवढी नळी, टोकाशी फाटलेली. इंजिन नुसतं चालू असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, तेव्हा या नळीतून बाहेरची हवा आत. दाब आला की आतली बाहेर. दोन उलट तक्रारींचं उत्तर बाबांनी सांगितलं तसं एकाच भोकात होतं.

सिलिकॉनचा जोड, दोन मीटर नळी, नव्या क्लिपा आणि चार प्लग, एकूण ९६ डॉलर. दाब परत १३ च्या वर, ट्रिम अधिक ३, धूर गायब. आजोबांनी गाडीतून एक फेरी मारली आणि परत येऊन म्हणाले, 'जपानी आहे, पण वाईट नाही.' यापेक्षा मोठी पावती या गल्लीत मिळत नाही.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण, मला दर महिन्याला कुणी ना कुणी तरुण मराठी मुलगा विचारतो, 'दादा, जुनी टर्बो घेतलीय, पहिलं मॉडिफिकेशन काय करू?' त्याच्या डोक्यात मोठा सायलेन्सर, दाब वाढवणारा कंट्रोलर, कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग असतं. मी म्हणतो, पहिलं मॉडिफिकेशन म्हणजे गाडी कारखान्यातून आली होती तशी करणं. माझीच गाडी बघा. दाब ९ वर अडतोय म्हणून कंट्रोलर लावून तो वाढवला असता, तर भेगेतून हवा निसटतच राहिली असती आणि ती तूट भरायला टर्बोला मर्यादेबाहेर फिरावं लागलं असतं. हवा जास्त तापली असती. आणि उद्या कुणी ती भेग बुजवली, की त्याच क्षणी इंजिनात हिशेबाबाहेरचा दाब आला असता.

त्यात खरा धोका नॉकिंगचा. दाब वाढला आणि पेट्रोल किंवा ठिणगीची वेळ त्याप्रमाणे जमली नाही, की पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीनंतर शिस्तीत जळण्याऐवजी कोपऱ्यात आपोआप भडकतं. डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज येतो. पूर्ण दाबाखाली असे काही झटकेसुद्धा पिस्टनच्या रिंगा बसतात ती कड तोडायला पुरतात. मग खर्च १८०० नसतो, नव्या इंजिनाचा असतो.

इथेच पेट्रोलच्या आकड्याचा घोटाळा सांगायला हवा, कारण भारतातून नव्याने आलेल्यांना तो माहीत नसतो. अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ आणि पुण्यातल्या पंपावरचा ९१ एक नव्हेत. भारतात, युरोपात, जपानमध्ये जो आकडा लिहितात तो रिसर्च ऑक्टेन. अमेरिकेत रिसर्च आणि मोटर अशा दोन ऑक्टेनची सरासरी लिहितात, ती चार-पाचने कमी भरते. म्हणजे इथला ९३ हा आपल्याकडच्या साधारण ९८ च्या जवळ. जपानमधून थेट आयात केलेली टर्बो गाडी तिथल्या १०० च्या प्रीमियम पेट्रोलसाठी ट्यून केलेली असते. तिच्यात इथलं साधं ८७ भरणं म्हणजे नॉकिंगला घरी बोलावणं.

कायद्याचंही बघा. मिशिगनमध्ये खासगी मोटारींची दरवर्षी तपासणी होत नाही, म्हणून पुष्कळ जण सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकतात. तपासणी नसली तरी केंद्राच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली ते बेकायदाच आहे. कॅलिफोर्नियात तर इंजिनाच्या बहुतेक बदलांना राज्याच्या मंजुरीचा क्रमांक लागतो. इंग्लंडमधल्या मित्रांना वार्षिक एमओटी चुकत नाही. आणि भारतातल्या भाचे कंपनीसाठी खास, तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. मामा अमेरिकेत करतो म्हणून आपण करायला जाऊ नये. बदल कुठेही करा, विमा कंपनीला कळवा. नाहीतर अपघात झाल्यावर ते कळवतात, आपल्याला.

मग मी काय बदललं? ब्रेकचं जुनं ऑइल, नळ्या आणि पॅड आधी. नंतर सस्पेन्शनचे वाळलेले बुश, रेडिएटर, उरलेल्या सगळ्या रबरी नळ्या. तेल दर ३००० मैलांना, कारण टर्बोचा जीव तेलात असतो. दाबाचं मीटर होतंच. एका वेळी एकच बदल करायचा, मग आठवडाभर चालवून आकडे बघायचे, हा माझा ऑफिसातला नियम इथेही पाळतो. चार गोष्टी एकदम बदलल्या की बिघडलं कशाने आणि सुधारलं कशाने, दोन्ही कळत नाही. एवढ्यावर गाडी इतकी सुरेख चालते की दाब वाढवायची इच्छाच मागे पडलीय.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. घोड्या, म्हणजे जॅक स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मग खाली जा. गॅरेजचं दार उघडं असल्याशिवाय इंजिन चालू करू नका, हिवाळ्यात तर मुळीच नाही. अवजारं सगळी विकत घ्यायची गरज नाही. इथल्या मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानांत अनामत भरून पुष्कळशी वापरायला मिळतात, परत केली की पैसे परत. जुनं तेलही बहुतेक दुकानं परत घेतात, ते गटारात ओतू नका. आणि एक वही ठेवा. तारीख, मैल, काय बदललं, आकडे काय आले. माझ्या वहीत आता पाच वर्षांचा हिशेब आहे.

आपल्याकडे हाताला ग्रीस लागलं की शिक्षण वाया गेलं असं मानण्याची पद्धत आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनाचे सुटे भाग घडवणारी माणसं मी लहानपणापासून बघितलीत, पण मला तिकडे कुणी फिरकू दिलं नाही. 'तू अभ्यास कर.' अभ्यास केला, त्यावर इथवर आलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण फ्युएल ट्रिमचे आकडे वाचायला अभ्यास लागतो तसा भेगेवर बोट ठेवायला हातही लागतो. शनिवारी मित्रांची मुलं गॅरेजमध्ये येतात तेव्हा मी त्यांना आधी पाना देतो. आठ-नऊ वर्षांची ती मुलं, इंग्रजीत प्रश्न विचारतात आणि 'घट्ट' नि 'सैल' हे दोन शब्द मात्र मराठीत शिकून जातात.

बाबा आणि आई मे महिन्यात येताहेत, पहिल्यांदाच. नायगारा, शिकागो असा आईने सगळा कार्यक्रम ठरवलाय. मागच्या रविवारी बाबांनी हळूच विचारलं, 'तुझ्या त्या गाडीचे मागचे बुश बदलायचे राहिलेत म्हणत होतास ना? मी येईपर्यंत थांब.' मी तिथे दुसऱ्या घोड्या आणि मोठ्या मापाचे हातमोजे आणून ठेवलेत.